टॅपेट कव्हरची रुपेरी साल

आमची जुनी पेट्रोल जीप गोठ्यामागं इतकी वर्षं उभी होती की कोंबड्या तिला आपलंच घर समजायच्या. एके दिवशी जेवताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं, "खंडेनवमीच्या पूजेला इंजिन नव्यासारखं दिसलं तर जीप तुझी. न्हाईतर पाहुण्यांची."

पाहुणे म्हणजे मिरजगावचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. ते समोरच जेवत होते. त्यांनी मान खाली घालून निवांत आमटी ओरपली.

गाडीची हौस मला बेताचीच. पण भावकीसमोर दादांनी एकदा तरी माझ्या हातात काही ठेवावं, अशी फार इच्छा होती.

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात बसतो. खिडकीसमोर पेंट शॉप आहे. रोज रंगाचा वास घेतो म्हणजे आपल्याला रंगकाम येतं, असं मी धरून चाललो होतो.

इंजिनाची टॅपेट कव्हर आणि टायमिंग कव्हर ही दोन्ही झाकणं अल्युमिनियमची. खोलली आणि कॉस्टिक सोड्याच्या बादलीत बुडवली. कॉस्टिकनं ग्रीस निघतं, हे ऐकून होतो. अल्युमिनियमही निघतं, हे ऐकायचं राहिलं होतं. बादली भाताच्या पातेल्यासारखी उतू गेली. झाकणं बाहेर काढली तर काळीठिक्कर, आणि कडा उंदरांनी कुरतडल्यागत.

दादा बाजेवरून बघत होते. "पाहुणं, लोकांची पोरं मातीचं सोनं करत्यात. आमच्यानं कोळसा केला."

दाजी हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग सुट्टीचे सगळे दिवस पॉलिश पेपर घासण्यात गेले. बोटांची सालटं निघाली, पण धातू लख्ख उघडा पडला. शेवटचा हात फिरवला तो नेमका शनिवारी. आमच्या घरी शनिवारी लोखंडी वस्तूचं काम काढलं, तर शिंगणापूरच्या देवाच्या नावानं तिला तेलाचं बोट लावायचं. दादा वाटी घेऊनच आले.

"दादा, हे लोखंड नाही, अल्युमिनियम आहे."

"ते तू देवाला समजावून सांग. तेल लाव."

निवाडा करणारा माणूस खूश असावा म्हणून मी जरा जास्तच चोळलं. झाकणं न्हाऊ घालायच्या बाळासारखी माखली. वरवर फडकं फिरवलं आणि रुपेरी स्प्रे मारला. प्रायमर? चांदीवर चांदीच मारायची, त्याला प्रायमर कशाला. रंग असा झळाळला की मी दाजींना मोबाईलवर फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'आशा सोडा.'

खंडेनवमीला भावकी जमली. दादांनी अंगठा ओल्या कुंकवात बुडवून टॅपेट कव्हरवर टेकवला आणि वर ओढला. रंगाची साल दुधावरच्या सायीसारखी अंगठ्याबरोबर निघून आली.

दादांनी अंगठा उजेडात धरून निरखला, माझ्याजवळ आले आणि तो माझ्या कपाळावर पुसला. कुंकू आणि चांदी, दोन्ही.

"घ्या, ह्याचीबी पूजा झाली."

मग भावकी पोट धरून हसली.

"तेल तुम्हीच लावायला सांगितलं होतं," मी म्हणालो.

"लाव म्हणलो. धुऊ नको म्हणलो हुतो का? जन्मभर ट्रॅक्टर रंगवलेत मी. तेलावर रंग धरत न्हाई, मला ठावं हुतं." ते वाटीतलं कुंकू नीट करत राहिले. "तुला ठावं हाय का, ते बघायचं हुतं."

दुपारी दाजींनी ट्रॅक्टर आणि साखळी आणली. ओढून न्यायच्या गाडीला स्टेअरिंगवर माणूस लागतो. दादांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मला खूण केली.

मिरजगावच्या रस्त्याला लागलो. ट्रॅक्टरवरून दाजी मागं वळले. "मेव्हणं, जरा डावीकडं धरा."

मी धरली.