दोन्ही दोर एका फ्रेमात

फोटोवाल्या नानांना खुर्चीत नीट टेकून बसलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याने मला जरूर कळवावं. मालवणच्या बाजारपेठेत त्यांच्या स्टुडिओच्या भिंतीला भिंत लावून माझं डीटीपीचं दुकान होतं आणि त्यांचे लग्नाचे अल्बम मी कॉम्प्युटरवर मांडून देत असे. इतक्या वर्षांत हा माणूस मी कायम खुर्चीच्या कडेवरच पाहिला, एक चप्पल पायात आणि एक बाहेर. गिऱ्हाइकांवर मात्र ‘हलू नका’ म्हणून डाफरायचे. गावातल्या निम्म्या लोकांचे पासपोर्ट फोटो त्यांनीच काढलेत आणि त्यातला एकही हललेला नाही, हे मला अजून कोडं आहे.

नाना तारकर्लीच्या रापणकरांच्या घरातले. होडीतून जाळं अर्धगोल टाकत न्यायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर लांबलांब आणायचे आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा लावून ते ओढायचे, ही रापण. थोरले भाऊ आबा तिचा कारभार बघत. धाकट्याने दोर सोडून कॅमेरा धरला, पण डोक्यात फोटो एकच होता. दोन्ही दोर, दोन्ही रांगा, मध्ये दर्या, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचं तोंड ओळखू यायला हवं. “आमच्या अख्ख्या घराचो फोटो तो,” असं ते म्हणायचे. फिल्मच्या काळात त्यांच्या विसाच्या, म्हणजे वीस मिलिमीटरच्या, रुंद लेन्समध्ये सगळं मावत असे, पण मोठा प्रिंट काढला की चेहऱ्यांचा रवा व्हायचा. डिजिटल कॅमेरा घेतला, तर त्याचा सेन्सर लहान. तीच लेन्स त्याला लावली की कडा कापल्या जात आणि एका बाजूचा दोर फ्रेमबाहेर जाई. उपाय एकच होता, फिल्मएवढ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा.

असा कॅमेरा करणाऱ्या आम्हाला माहीत असलेल्या कंपन्या दोन. एकीच्या भारी लेन्सला लाल पट्टी, दुसरीच्या कॅमेऱ्याला पिवळ्या अक्षरांचा पट्टा. नानांच्या बोलण्यात त्या ‘तांबडी’ आणि ‘पिवळी’ झाल्या. एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही, त्यामुळे एकदा उडी मारली की परतीची वाट नाही. मी म्हणायची, नाना, कॅमेराच तर आहे, घ्या कुठलाही. त्यावर त्यांनी मला सुनावलं, “कॅमेरो काय गो, चार वर्सांत जातलो. लेन्शी जल्मभर घरात रवतत. लगीन त्यांच्याशी लागता.”

तांबडीवाल्यांचा फुल फ्रेम आधी आला. नाना माझ्या दुकानात येऊन इंटरनेटवर त्याची परीक्षणं वाचत, म्हणजे मी वाचायची आणि ते माझ्या पाठीमागे येरझारा घालायचे. परदेशातली माणसं विटांच्या भिंतीचे फोटो काढून लेन्सचे कोपरे तपासतात हे कळल्यावर त्यांनी कुडाळच्या एका फोटोग्राफरकडून तांबडी उसनी आणली आणि माझ्या दुकानामागच्या चिऱ्याच्या भिंतीचे फोटो काढत सुटले. चिऱ्याला मुळात भोकं. त्यातली कुठली भोकं चिऱ्याची आणि कुठला धुरकटपणा लेन्सचा, यावर आमची दुपार जायची. शेजारचा न्हावी मला विचारून गेला की ही भिंत विकायची आहे का.

शेवटी त्यांनी देवीला कौल लावला. आमच्याकडे म्हैस घ्यायची असो की सोयरीक जुळवायची, देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पाषाणाला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने कॅमेऱ्यासाठी गाऱ्हाणं पहिल्यांदाच घातलं. ‘तांबडी घेऊ का’ या प्रश्नाला उजवी पाकळी पडली. नाना खुशीत पायऱ्या उतरले आणि अर्ध्या वाटेवर थबकले. प्रश्न फक्त कॅमेऱ्याचा गेला होता, लेन्सचं विचारायचं राहिलंच! तसेच उलटपावली गुरवाकडे. तो शांतपणे म्हणाला, “नानानू, एका इषयार देवीक एकदाच विचारूचा. तिकाय कामा आसत.” मग नानांनी ठरवलं की प्रश्नच अपुरा होता, तेव्हा कौल धरायचा नाही.

एवढ्यात पिवळीनेही फुल फ्रेम काढला. झालं! अंधाऱ्या मांडवात पिवळी बरी की नवरीच्या चेहऱ्याचा रंग तांबडीत बरा, हे नव्याने सुरू झालं. खरं तर आता प्रश्न सुटला होता, कारण नानांच्या फिल्मच्या काळातल्या सगळ्या लेन्स पिवळीच्याच होत्या, ती विसाचीसुद्धा. काकी, म्हणजे त्यांची बायको, सरळ म्हणाल्या की घरात लेन्स आहेत तर पिवळी आणा आणि मोकळे व्हा. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. मग पणजीच्या एका हौशी माणसाला त्यांनी सगळ्या जुन्या लेन्स विकून टाकल्या. का, तर घरात लेन्स आहेत म्हणून पिवळीकडे मन झुकतं आणि निवड निष्पक्ष होत नाही. धोतर घ्यावं की लेंगा ते ठरेना म्हणून अंगावरचंही सोडून द्यावं, त्यातला प्रकार. मी त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही. ते मात्र हलके झाल्यासारखे म्हणाले, “आता मन मोकळा झाला गो.” महिनाभरात तांबडीची सुधारलेली आवृत्ती येणार अशी बातमी आली आणि मोकळं मन पुन्हा भरलं.

इकडे तारकर्लीत रापण मोडत चालली होती. ट्रॉलर किनाऱ्याजवळ मासळी ठेवत नव्हते, आणि तरुण पोरं पर्यटकांच्या खोल्या सांभाळायला लागली होती. आबा अधूनमधून बाजारात आले की स्टुडिओत डोकावून विचारत, तुझा कॅमेरा कधी येणार? नाना म्हणत, पुढच्या हंगामाला. मग एका शुक्रवारी आबांनी माझ्या दुकानात फोन केला आणि निरोप ठेवला की रविवारी शेवटची रापण घालतोय, नंतर जाळं देऊन टाकणार.

नानांनी कुडाळला फोन लावला, वेंगुर्ल्याला लावला. लग्नाचा मुहूर्त होता, तिथल्या दोन्ही फोटोग्राफरांचे कॅमेरे मांडवात. म्हणून आपला लहान सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स घेऊन ते निघाले. मी माझ्या स्कूटरवरून मागोमाग गेले, कारण मला त्यांचा भरवसा वाटेना.

किनाऱ्यावर पूर्वीच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती. बऱ्याच बायका होत्या, म्हातारे होते. होडी फिरून आली, दोन्ही दोर ताणले गेले आणि नाना धावत सुटले. मागे सरकत सुरूच्या बनात शिरले, तर झाडं आडवी आली. ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर चढले, उतरले, पुन्हा चढले. डावीकडचा दोर घेतला की उजवीकडचे आबा बाहेर जात. मागे गेलं की चेहरे मुंगीएवढे होत. त्यांचा सदरा घामाने चिकटला होता आणि मी काही बोलायला गेले तर त्यांना ऐकूच येत नव्हतं.

आबा दोर न सोडता त्यांच्याकडे बघत होते. ओढणारे धापा टाकत थांबले, तसे ते म्हणाले, “नाना, दोनय दोर दिसतत काय ता रवांदे. ह्यो दोर धर. माणसा कमी आसत.”

नानांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि भावाच्या मागे जाऊन दोर धरला. मी काय करणार, कॅमेरा पिशवीत कोंबला आणि त्यांच्या मागे उभी राहिले. काथ्याचा ओला दोर हातांची सालटी काढतो हे मला तेव्हा कळलं. जाळं आलं, त्यात चार टोपल्या मासळी. आबांनी रीतीप्रमाणे वाटे केले आणि ओढणारा म्हणून एक वाटा नानांच्या पुढ्यात ठेवला. नाना वाळूत बसले आणि सरळ रडले. मीही रडले.

त्या पावसाळ्यानंतर नाना कोल्हापूरला गेले आणि फुल फ्रेम कॅमेरा घेऊनच आले, सोबत विसाची लेन्स. तांबडी. मी विचारलं, शेवटी हीच का? म्हणाले, दुकानात हीच होती. संध्याकाळी ते एकटेच तारकर्लीला गेले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू करून मी कॅमेऱ्यातल्या कार्डासाठी हात पुढे केला. त्यांनी कार्ड दिलं नाही. दारातच उभं राहून म्हणाले, “कॅमेरो बरो आसा. दोनय टोका येतत गो आता. मधी माणसा नाय.”