बर्फावर न उतरलेले सर

"शुभा, सर गेले," असा कॉलेजच्या संघातल्या सुहासचा फोन आला तेव्हा मी देवबागच्या आमच्या होमस्टेमध्ये पाहुण्यांसाठी सोलकढी गाळत होते. माझ्या तोंडून निघालं, "खंय गेले?" मग अर्थ लागला. हातातला चोथा मात्र पिळतच राहिले. त्याला आता महिना उलटून गेला. सर हृदयविकारानं गेले, एवढं कळलंय. बाकी काही कळलंय असं म्हणवत नाही.

दत्ताराम सर आमच्या ज्युनिअर कॉलेजचे क्रीडाशिक्षक, मूळचे रेडी गावचे. कबड्डी, खो-खो सगळं सुरळीत चाललेलं असताना एका वर्षी त्यांनी बर्फावरच्या हॉकीचा संघ काढला. मालवणात! जिथं बर्फ बघायचा तो मासळीच्या पेटीतच. प्राचार्यांना वाटलं, साधी हॉकी असेल. त्यांनी मान डोलावली. आंब्याचा हंगाम आटोपला की पॅकिंगची शेड रिकामी असायची. तिथल्या गुळगुळीत सिमेंटवर चाकांचे स्केट्स घालून आम्ही आधी पडायला शिकलो, मग धावायला. गोलाला मासे धरायच्या रापणीचं जुनं जाळं, चेंडूऐवजी रबरी चकती. मी गोलकीपर, म्हणून माझ्या पायांना काथ्याच्या गादीचे तुकडे बांधलेले. सुहास तर चाकांवरच जन्मल्यासारखा पळायचा, आणि त्याच्यापुढे फक्त सर. ढेरी सुटलेला तो माणूस चाकांवर चढला की हलका व्हायचा. "पड गो, खुशाल पड," ते माझ्याकडे बघून ओरडायचे, "पण चकती सोडू नको!"

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत ते आम्हाला स्पर्धेसाठी लेहला घेऊन गेले. गोठलेलं तळं पाहून आम्ही खुळावलोच. लडखडत, एकमेकांना धरत आम्ही बर्फावर उतरलो, तेव्हा खालून बारीक तडकल्याचा आवाज आला. सर काठावरच थांबले. इतर संघांचे प्रशिक्षक पोरांबरोबर सराव करत होते. आमचे सर मफलरमधून सूचना देत होते. थंडी बाधली असेल असं आम्हाला वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. आम्ही हरत गेलो, आणि शेवटचा सामना सुहासच्या गोलावर जिंकलो. सरांना खांद्यावर घ्यायला सगळे काठाकडे धावलो. "सर, येवा!" सुहासनं त्यांचा हात धरला. सर झटक्यात मागे सरले. "माका ओढू नकात रे! तुमीच हय येवा!" चेहरा पांढराफटक. आम्ही वर चढलो तसे ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले, आपलं कुणी खाली राहिलं तर नाही ना, असं बघत असल्यासारखे.

परत आल्यावर त्यांनी संघ बंद केला. सुहासला लेहहून पुढच्या सरावशिबिराचं बोलावणं आलं होतं. सरांनी त्याच्या घरी जाऊन "पाठवू नकात" म्हणून सांगितलं, आणि घरच्यांनी ऐकलं. सुहासनं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आज तो तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवतो. मी मात्र सर भेटले की संघ का मोडला ते विचारायची. कधी म्हणाले, गुडघे गेले. कधी म्हणाले, कॉलेज नको म्हणतं. एकदा म्हणाले, "जिंकलात मा? मगे आता कित्याक?" शोकसभेत निवृत्त प्राचार्यांनी सांगितलं की त्यांची कधीच हरकत नव्हती, उलट संघ चालू ठेवा म्हणून त्यांनीच गळ घातली होती. मी सुहासकडे पाहिलं. इतकी वर्षं न बोललेला तो, सरांच्या घरी सगळ्यांत आधी पोचलेला, सगळ्यांत जास्त रडलेला. "तुका राग नाय?" मी विचारलं. "आसा," तो म्हणाला. "पण आता खंय ठेवू?"

गेल्या आठवड्यात एका दुपारी काकींना, सरांच्या पत्नीला, भेटायला गेले. बोलता बोलता त्या उठल्या, फ्रीजमधून स्टीलची थाळी काढली आणि मागच्या पायरीवर नेऊन ठेवली. थाळीत पाणी गोठलेलं.

"ह्या काय, काकी?"

"ह्यांचा," त्या म्हणाल्या. "लेहवरसून इल्यापासून रोज. थाळी हय ठेवत नि कान लावन बसत, बर्फ इतळान पाणी होयसर. काय आयकतात विचारलंय, तर म्हणत, गप ऱ्हव गो."

"आणि आता?"

"आता मी ठेवतंय. कित्याक ता माका ठावक नाय. पण हात गप रवणत नाय."

सरांना नेमकी कशाची भीती होती, की ती भीती नव्हतीच? मग तो रोजचा बर्फ कशाला? मी पायरीवर वाकून कान लावला. गाल गारठला. आतून बारीक तडकल्याचा आवाज आला, मग जरा थांबून आणखी एक...

"काय आयकाक येता?" काकींनी विचारलं.

"कळणा नाय, काकी."

त्यांनी मला थोडं बाजूला सरकवलं, पदर सावरला आणि पलीकडून आपलाही कान थाळीला लावला.