खेळ येऊन राह्यला

न आलेल्या वस्तूची इतक्या निष्ठेनं वाट पाहणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ऐंशीच्या दशकात मी भद्रावतीत बातमीदार होतो आणि हे गृहस्थ माझ्या वरच्या मजल्यावर राहत. कारखान्यात ड्राफ्ट्समन, मूळ गाव भामरागड. त्यांच्या मेहुण्यानं परदेशातून एक घरगुती कॉम्प्युटर आणून दिला होता. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावायची, मग बराच वेळ किर्र आवाज होऊन खेळ पडद्यावर उतरायचा. अडचण एवढीच, की त्या जातीच्या मशीनसाठी खेळ जवळजवळ निघतच नसत. मेहुणा इंग्रजी मासिकं पाठवी. त्यांत प्रत्येक खेळासमोर तो कोणत्या मशीनवर चालतो ते छापलेलं असे. यांच्या मशीनपुढं कायम एकच शब्द : लवकरच.

त्यांची मुलगी दहावीत असताना तिनं त्यातला पाणबुडीचा एक खेळ निवडला होता. ती नोकरीला लागण्याआधी तो बापलेकींनी मिळून खेळायचा, असं ठरलं होतं. एकदा जिन्यात ते मला म्हणाले, "खेळ येऊन राह्यला, भाऊ." मी पुण्याकडचा. आला आणि मुक्कामाला राहिला, असा अर्थ लावून मी संध्याकाळी बघायला गेलो. टीव्हीवर नुसता निळा पडदा होता. मुलगी हसत म्हणाली, "काका, येऊन राह्यला म्हंजे अजून वाटेतच हाये."

तो पुढं काही वर्षं वाटेतच होता. दरम्यान मशीनची बडदास्त जावयासारखी चालली होती. उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा मशीनची. पाहुणे घामाघूम होऊन कोपऱ्यात बसत. पोस्टमन तर फाटकातूनच नकाराची मान हलवी. मासिकात दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी छापलेला एक प्रोग्राम त्यांनी तीन रविवार खपून टाइप केला. त्यातलं रॉकेट डावीकडून पडद्याबाहेर गेलं ते परतलं नाही. "गेलं," ते समाधानानं म्हणाले, "पण उडालं तर खरं."

शेवटी त्यांनी खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. तुमचं मशीन फार थोड्या लोकांकडे आहे, त्याच्यासाठी वेगळा खेळ करणं परवडत नाही. मी सुचवलं, हे विकून सगळ्यांकडे असतं ते मशीन घ्या. त्यांनी पत्राची घडी घातली.

"आमच्या गावाले गाडी काऊन नाई येत? माणसं नाई म्हणून. माणसं काऊन नाई चढत? गाडी नाई म्हणून. मंग का गाव बदलवून घेऊ, भाऊ?"

मुलगी नर्स झाली आणि पहिली नेमणूक निघाली ती नेमकी भामरागडला. पाणबुडी आली नव्हती. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मलाही वर बोलावलं. खेळ त्यांनी स्वतःच केला होता. चार रेघांची एसटी, एक निळी नदी. पाणी चढायच्या आत पूल ओलांडून गावात पोचायचं. मुलीनं पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा गाडी बुडाली.

"बाबा," ती म्हणाली, "हे तर पाणबुडीच झाली ना."

तिघंही हसलो. सहाव्यांदा तिनं हट्टानं गाडी पलीकडे नेली. ते पडद्याकडेच पाहत राहिले.

त्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा रस्ता बंद झाला. मी दोन ओळींची बातमी दिली. मुलगी रजेवर यायची होती. एका दुपारी चंद्रपूरची बस येऊन गेल्यावर ते मला जिन्यात भेटले. मी विचारलं, काही कळलं का.

"येऊन राह्यली," ते म्हणाले.

अर्थ मला आता नीट माहीत होता. तरी माझा जुना, चुकीचा अर्थच त्या दिवशी खरा निघावा, असं वाटून मी वर गेलो. दार उघडंच होतं, आत कुणी नव्हतं. टीव्ही चालू होता, कूलरचा वारा मशीनवर येत होता, आणि चार रेघांची गाडी नदीच्या अलीकडे उभी होती.