बिरदेवच्या जीपचा गिअरबॉक्स

सावळाराम मिस्त्री मूळचा कोऱ्हाळे बुद्रुकचा, माळ्याच्या घरातला. भाऊ पुण्याच्या मार्केटला वांगी-टोमॅटो पाठवायचे आणि याचं लक्ष वांग्यांपेक्षा ती नेणाऱ्या टेम्पोवर. भावांनी चार पावसाळे वाट बघितली आणि मग त्याच्यापुढं हात टेकले. मी सांगतोय ते पंच्याण्णव सालचं. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं लेथचं दुकान होतं आणि त्याला लागूनच त्याचं गॅरेज. मध्ये नुसता पत्रा. चहा आला की पत्र्यावर पाना वाजवून तो म्हणायचा, "आप्पा, निवतोय." यापेक्षा लांब वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं तर नशीब लागायचं.

मोडका गिअर हातात आला की मात्र त्याला वाचा फुटायची. दात कोपऱ्यातून तुटलाय की मुळातून, यावरून तो न बघितलेल्या ड्रायव्हरचा स्वभाव सांगायचा. "ह्यो गडी क्लच अर्धाच दाबतो," किंवा "ह्याला घाई लई." गिऱ्हाईक मान खाली घालायचं. मी त्याला चिडवायचो, की मिस्त्री, गॅरेज बंद करा आणि लग्नं जुळवायला लागा. तो हसायचाही नाही. कामात त्याला थट्टा चालत नसे आणि मला थट्टेशिवाय काम सुचत नसे, तरी आमचं पंधरा वर्षं जमलं.

सांगवीचा बिरदेव हे आमचं दोघांचं गिऱ्हाईक. त्याचे बाप-आजे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचे. बिरदेवनं मेंढरं विकून जुनी पेट्रोल जीप घेतली आणि सांगवी ते बारामती भाड्यानं माणसं न्यायचं वडाप सुरू केलं. नऊ माणसांच्या जीपमध्ये वीस माणसं, वर कुणाची कोंबडी, कुणाचं मेथीचं गाठोडं. पेट्रोल परवडेना, म्हणून त्यानं एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. तेव्हा निम्म्या तालुक्यानं हेच केलं होतं. इंजिन दांडगं झालं, पण मागचा गिअरबॉक्स तोच, जुन्या पेट्रोल इंजिनाच्या बेताचा. दर दीड महिन्याला दुसऱ्या नंबरचा गिअर तुटायचा. जीप भर रस्त्यात उभी राहायची, माणसं शिव्या देत चालायला लागायची आणि बिरदेव गिअरबॉक्स पोत्यात घालून आमच्या दारात हजर.

चौथ्या वेळी तो बायकोला घेऊन आला. म्हाळसा नवऱ्यापेक्षा रोखठोक. ती म्हणाली, "मिस्त्री, लोक आता आमची जीप सोडून यष्टीची वाट बघत थांबत्यात. एकदाच काय करायचं ते करा. पुन्हा ह्यो डबा उघडायची पाळी नको."

सावळारामनं पोत्यातला तुटका गिअर हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाला, "पुन्हा न्हाय उघडायचा. शब्द हाय माझा." त्यानं कुणाला शब्द दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या कामाला अठरा दिवस लागले. भंगारातल्या एका ट्रकचे रुंद दातांचे गिअर त्यानं शोधून आणले. ते पेलावेत म्हणून मी चांगल्या पोलादाचा जाड शाफ्ट लेथवर उतरवला आणि पुण्याला पाठवून कडक करून आणला. जुन्या डब्यात मोठी बेअरिंग मावेनात, तेव्हा डबाच लेथवर चढवून भोकं वाढवली. सावळाराम माझ्या मानगुटीवर बसल्यासारखा उभा. "आप्पा, आजून केसभर." पाच वेळा केसभर केल्यावर मी त्याला हाकलून दिलं. शेवटी डबा बंद झाला आणि त्यानं हातानं शाफ्ट फिरवला. आवाजच नाही. आम्ही दोघं खुळ्यासारखे नुसते बघत बसलो. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता.

वाळूची बारा पोती टाकून आम्ही जीप चढावर नेली, उभी केली आणि पुन्हा उचलली. झटक्यात सुटली. त्या झटक्याला मागच्या चाकाकडून एकदाच 'टिक' असा आवाज आला. ब्रेकच्या ड्रममध्ये खडा असेल म्हणून सावळारामनं सोडून दिलं. मीही ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरदेव सगळी भावकी घेऊन आला. म्हाळसाची नरसिंहपूरच्या देवावर श्रद्धा, त्यामुळं पहिली फेरी तिकडंच. सावळारामला टॉवेल आणि नारळ दिला. त्याचा एक नियम होता, गिअरबॉक्स बांधला की पहिल्या फेरीला तो स्वतः गाडीत बसायचा. पण जीपमध्ये बावीस माणसं. म्हाळसा पोरांना मांडीवर ओढत म्हणाली, "सरका रं, मिस्त्रीला जागा करा."

"आसू द्या," सावळाराम म्हणाला. "ह्याला आता माझी गरज न्हाय."

जीप गेली. तासाभरानं चहा आला. खांद्यावर नवा टॉवेल टाकून तो ऐटीत बसला होता आणि मला ते बघवेना. मी डिवचलं, "मिस्त्री, एवढा घट्ट डबा केलात. आता तुटायचं काय?"

त्यानं कप तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. मग कप खाली ठेवून तो उठला आणि जिथं जीपचं मागचं चाक उभं होतं तिथं जाऊन उकिडवा बसला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आप्पा," तो म्हणाला, "एक्सल."

मला उमजायला वेळ लागला. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून मागं जातो आणि एक्सलमधून चाकांत. एवढे दिवस जोर जास्त झाला की गिअरचा दात तुटायचा आणि जोर तिथंच संपायचा. माणसं शिव्या द्यायची, पण घरी पोचायची. आता दात तुटणार नव्हता. सगळा जोर सरळ एक्सलवर जाणार होता, आणि त्या जुन्या जीपचं मागचं चाक धरायला एक्सलशिवाय दुसरं काही नव्हतं. तो तुटला की चाक त्याच्यासकट बाहेर.

"जू मोडलं तर बैल सुटत्यात," सावळाराम म्हणाला. "आस मोडला तर गाडी उलथती. मी जू लोखंडाचं केलं, आप्पा. कालचं ते टिक एक्सलचं व्हतं."

मी दुकान उघडं टाकून फटफटी काढली. फोन करायचा तर कुणाला करायचा? नरसिंहपूर सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि जीप तासभर पुढं. सावळाराम मागं बसून माझ्या खांद्यात बोटं रुतवत होता. प्रत्येक वळणाला वाकून रस्त्याकडेच्या खोल चारीत बघत होता. इंदापूरच्या अलीकडं रस्त्याकडेला गर्दी दिसली तेव्हा त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटेना. बघितलं तर उसाचा ट्रेलर कलंडला होता. बावड्याच्या चहावाल्यानं सांगितलं, की हार घातलेली जीप मघाशीच गेली, बायका गाणी म्हणत होत्या. ते ऐकून सावळाराम रडायलाच लागला. "बावीस, आप्पा, बावीस," एवढंच म्हणत होता. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

नरसिंहपुरात जीप देवळाच्या खालच्या अंगाला लिंबाखाली धडधाकट उभी होती. बाकीचे दर्शनाला गेले होते आणि बिरदेव संगमावर पाय धुऊन येत होता. सावळारामनं त्याला गाठून सगळं सांगितलं. पण बोलायची सवय नसलेला माणूस, त्यात रडलेला. एक्सल, दात, जू, आस, सगळं एकात एक. बिरदेव हसला.

"मिस्त्री, सकाळीच तुमी म्हणला, ह्याला आता माझी गरज न्हाय. आन् आता देवाच्या दारात अपशकून करता व्हय? उद्या आणतो गाडी. बघू एक्सल."

तो आत गेला. उद्या आणतो म्हणजे आज बावीस माणसं घालून परत तेवढाच रस्ता कापायचा.

मी म्हणालो, चाकांतली हवा सोडा. "हवा भरायला आर्धा तास," सावळाराम म्हणाला. मग तो जीपमध्ये चढला. गिअरच्या दांड्याची टोपी दाबून फिरवली आणि दांडा वर उपसला. खाली डब्यात उतरणारं भोक उघडं पडलं. त्यानं खिशातून अंगठ्याएवढा बोल्ट काढला आणि हातात धरून बसला. अठरा दिवस त्यानं त्या डब्यात धुळीचा कण जाऊ दिला नव्हता. शेवटी बोल्ट आत सोडला आणि दांडा परत बसवला. तोवर मी कुणी येतंय का ते बघत उभा होतो.

माणसं दर्शन करून आली, बसली. बिरदेवनं गिअर टाकून क्लच सोडला आणि खालून असं कडाडलं की देवळातले लोक बाहेर आले. जीप जागची हलली नाही. बिरदेव उतरला आणि सगळ्यांसमोर सावळारामला आईबहिणीवरून बोलला. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. सावळाराम हात जोडून उभा राहिला. माणसं यष्टीनं गेली. परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला, "पोचली आसतील आता समदी."

बिरदेवनं जीप दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडं ओढून नेली. त्यानं डबा उघडला, बोल्ट काढला, दोन गिअर बदलले आणि डबा परत तसाच मजबूत बांधून दिला. आठवड्याच्या बाजारापर्यंत बातमी सगळीकडं झाली, की सावळाराम डब्यात बोल्ट विसरला. मिस्त्रीला यापेक्षा मोठी शिवी नाही. त्याच्याकडं येणाऱ्या गाड्या पुढच्या गॅरेजला जायला लागल्या.

त्याचं त्याला काही नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त एक्सल. तो तीनदा सांगवीला जाऊन आला. बिरदेव म्हणाला, "ज्याला डब्यातला बोल्ट दिसत न्हाय, त्यानं मला एक्सलचं शिकवू नये." तेव्हा सावळारामनं खरं काय ते सांगितलं. विसरलो नाही, मीच टाकला, तुमची माणसं वाचावीत म्हणून टाकला. बिरदेवनं कपाळाला हात लावला. "काम फसलं की मिस्त्रीला गोष्टी सुचत्यात," म्हणाला. वाचवायला म्हणून टाकलेला बोल्टच त्याच्या तोंडावर बसला होता. चूक केली नव्हती, हे आता कुणाला पटणार? हे सगळं त्यानं मला पत्र्याला टेकून सांगितलं आणि नंतर दिवसभर कामाला हात लावला नाही.

दोन दिवसांनी बिरदेव माझ्या दुकानात आला. सावळाराम कोऱ्हाळ्याला गेला होता.

"आप्पा," तो म्हणाला, "मिस्त्री म्हणतोय, बोल्ट त्यानं मुद्दाम टाकला. म्हाळसा म्हणती, आप्पाला इचारून या, ते संगट व्हते. खरं सांगा. विसरला का टाकला? टाकला आसंल तर एक्सल बघतोच, पण आधी पोलिसात जातो. दोघांचीबी नावं देतो."

लेथ चालू होता. मी तो बंदसुद्धा केला नाही. पोलीस, माझं दुकान, गिऱ्हाइकाच्या गाडीत बोल्ट टाकणाऱ्यांच्या दारात कोण येईल, हे सगळं एका दमात डोक्यात आलं. एवढ्यात कुठला एक्सल तुटतोय, असंही आलं.

"विसरला आसंल," मी म्हणालो. "वय झालं आता त्याचं."

बिरदेव मान हलवून निघून गेला.

नरसिंहपूरच्या फेरीनंतर एकविसाव्या दिवशी, सांगवीकडून येताना कालव्याच्या पुलाच्या अलीकडं, जीपचं मागचं चाक एक्सलसकट बाहेर आलं. जीप कालव्यात गेली. अकरा माणसं जखमी झाली आणि म्हाळसा गेली. ती नेहमी मागच्या फळीच्या कडेला बसायची, बाकीच्यांना आत जागा मिळावी म्हणून.

सावळाराम तिच्या मातीला गेला आणि लांब उभा राहून परत आला. बिरदेवनं त्याला बघितलं आणि नजर वळवली. माझ्या दुकानाकडं तो पुन्हा कधी फिरकला नाही. तीन दिवस पत्र्यावर पाना वाजला नाही. मी पलीकडं बसून कान लावायचो आणि मला माझीच किळस यायची. चौथ्या दिवशी सावळाराम गॅरेजला कुलूप लावून आला. म्हणाला, कारखान्यावर गाड्यांना वंगण घालायचं काम मिळतंय, तिथं जातो, उघडायचं-बांधायचं आता होणार नाही.

जाताना दारात थांबला. मला काय झालंय ते त्याला दिसत असावं, पण त्यानं त्याचा वेगळाच अर्थ लावला होता.

"आप्पा, तुमी जिवाला लावून घिऊ नका," तो म्हणाला. "तुमी सोताहून जाऊन सांगितलं आसतं, तरी त्यानं ऐकलं नसतं. त्याला खरं काय ते इचारायचंच नव्हतं."

मी मान हलवली. आजही सहा-आठ महिन्यांनी त्याला भेटायला जातो, तो मला चहा पाजतो आणि माझ्या तब्येतीची चौकशी करतो. बिरदेव मला विचारायला आला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.