धड्यातली आई

पालीच्या पुढे, सड्याच्या कातळपठारावरच्या एका गावात मी सहावीला मराठी शिकवायचे. ऐंशीनंतरची पहिलीच वर्षं होती. नोकरीला नवी होते, आणि मुख्याध्यापकांचं माझ्याबद्दलचं मत काही बरं नव्हतं, कारण मी वर्गात गाईड आणू देत नसे.

'स्वभाववैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न हटकून यायचा. गाईडात उत्तर तयार असायचं. धड्यात आजोबा असोत नाहीतर शिपाई, सगळे प्रेमळ, कष्टाळू आणि प्रामाणिक. मुलं ते घोकायची आणि मला चीड यायची. मी सांगून टाकलं, शब्द तुमचा हवा, आणि त्याच्याखाली लिहायचं, कशावरून. तो माणूस काय बोलला, कसा वागला, ते धड्यात बोट ठेवून दाखवायचं.

सहामाहीला एका धड्यातल्या आईबद्दल विचारलं होतं. घरात भात थोडा, ती सगळा मुलांना वाढते आणि म्हणते, माझं पोट भरलंय. एका मुलीनं लिहिलं, 'आई खोटारडी आहे.' या मुलीचे वडील मुंबईला गिरणीत, घर आईच्या जिवावर. मी तिला टेबलाशी बोलावलं.

"कशावरून गं?"

"बाई, पोट भरलंय म्हनते, नि पुढच्याच ओळीत तांब्याभर पानी पिते."

"पण एकदा खोटं बोललं म्हणून कुणी खोटारडं होतं का?"

"एकदा नाय, बाई. पोरांना जरा पन संशय येत नाय. म्हंजे रोज बोलत असनार."

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी पूर्ण गुण दिले.

मुख्याध्यापकांनी पेपर पाहिले आणि मला ऑफिसात बोलावलं. "आईला खोटारडी? उद्या तपासणीला साहेब आले तर काय दाखवू? खोडा ते."

"मी नाही खोडणार."

"मग मी खोडतो."

"खोडा. पण वर्गात येऊन मुलांना सांगा, कुठे चुकलं ते."

ते तरातरा वर्गात आले. "आई कशी असते?" त्यांनी दरडावून विचारलं. "प्रेमळ!" सगळा वर्ग ओरडला. ते त्या मुलीकडे वळले. "मग तू असं का लिहिलंस?"

ती उभी राहिली. मान खाली घातली नाही. "गुरुजी, मी धड्यातल्या आईबद्दल लिवलंय. सगळ्या आयांबद्दल नाय."

"उद्या तुझ्या आईला घेऊन ये."

माझं डोकं फिरलं. "तिच्या आईला कशाला? बोलवायचंच तर माझ्या आईला बोलवा. शिकवलंय मी."

मुलं हसली आणि पुढचं सगळं त्या हसण्यानं झालं. दुसऱ्या दिवसापासून मला पहिली दिली आणि सहावीचं मराठी ते स्वतः घेऊ लागले. मी माफी मागितली नाही. पहिलीच्या पोरांना अ आ ई गिरवायला लावताना पलीकडच्या वर्गातला त्यांचा चढलेला आवाज ऐकायचा, एवढंच हातात होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी ते माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "तुमची ती पोरं सांगितलेलं उत्तर उतरवून घेत नाहीत. हात वर करून विचारतात, हे कुठे दिलंय? घ्या तुमचा वर्ग परत."

"घेते. पण गाईड वर्गात येणार नाही."

ते तसेच वळून निघून गेले. तो मी होकार धरला.

काही वर्षांनी माझी बदली अंजनवेलच्या बाजूला झाली. तिथले मुख्याध्यापक पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तुम्ही मुलांना उलट बोलायला शिकवता, असं कानावर आलंय."

"नाही सर, वाचायला शिकवते," मी म्हटलं आणि वर्गावर गेले.