डाव्या अंगाची ढाक

गडमुडशिंगीचा आकाराम पैलवान खासबागेच्या कुस्ती-मैदानात उतरणार म्हटलं, की टेम्पो भरभरून माणसं यायची. सहा फुटी गडी, पण बोलायला इतका हळू की ऐकणाऱ्याला कान पुढं करावा लागे. त्याचा डाव एकच, घिस्सा. तो बसला की समोरचा उठत नसे. दुसरा डाव शिकत नाही म्हणून केरबा वस्ताद त्याला रोज शिव्या घालत.

तालमीत त्याची जोड कागलच्या सम्राटशी. आठ वर्षं दोघं एका खोलीत राहिले, एकाच पातेल्यातली थंडाई प्यायले, पहाटे एकमेकांशी झोंबले. सम्राट डावरा. समोरच्याच्या मानेवर तो दोनदा थोपटायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याला कमरेवर घेऊन पाठीवर आपटायचा. डाव्या अंगाची असली ढाक तालमीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. मोठं मैदान मात्र त्याच्या हाताला लागलं नव्हतं. "खासबाग मारल्याबिगर मी तालीम सोडत न्हाय," असं तो म्हणायचा. २०१६ च्या चैत्रात एका जत्रेतली कुस्ती करून परतताना हायवेवर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. सम्राट जागीच गेला.

दिवसकार्य उरकून आकाराम तालमीत आला. दुपारचा खुराक झाला की सगळे आडवे होत. याचा डोळा लागेना. एकटाच कुस्तीच्या हौद्यात उतरून तो फावड्यानं माती उकरत बसला. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा तेवढा आत आला होता. तेवढ्यात मानेवर कुणीतरी थोपटलं. दोनदा. त्यानं वळून पाहिलं, तर हौदा रिकामा. आपल्याला भास झाला असं त्यानं स्वतःला समजावलं. संध्याकाळी वस्तादांनी विचारलं, मानेवर हे काय? लाल मातीचा पंजा उमटला होता. डाव्या हाताचा.

पुढच्याच महिन्यात एका मैदानात आकारामनं ढाक मारली. जन्मात कधी न मारलेली, आणि तीही डाव्या अंगाची. हलगी कडाडली, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वस्ताद मात्र त्याच्या डाव्या हाताकडं बघत राहिले. त्यानंतर तो हरलाच नाही. सांगली, सातारा, बेळगाव, जिथं जाईल तिथं नाव झालं. चौकाचौकात त्याचे फलक लागले. सेल्फी काढायला माणसं रांग लावत, आणि त्याला वाटे, आपण यांना फसवतोय. कारण डाव लागताना त्याला काहीच कळत नसे. हात पुढं जाई, समोरच्याच्या मानेवर दोनदा पडे, आणि भानावर येईपर्यंत कुस्ती झालेली असे.

सम्राटची आई झुंबरबाई कागलात एकटी राहायची. खासबागेतल्या मोठ्या कुस्तीला आठवडा राहिला असताना आकाराम तिला भेटायला गेला. तिनं भाकरी आणि तांबडा रस्सा वाढला. चार घास गेल्यावर आपल्याला ती एकटक बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. तो डाव्या हातानं जेवत होता.

त्यानं हात मागं घेतला. मावशी, मला भ्या वाटतंय, एवढंच त्याला बोलता आलं.

झुंबरबाई घाबरली नाही. तिनं तो डावा हात मांडीवर घेतला, पदरानं पुसला आणि त्या हाताशीच बोलली, "एवढं मैदान मार. आनि मग ह्येला सोड की रं, बाळा."

जानेवारीतल्या त्या रविवारी खासबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. समोर ऋतुराज, वजनानं पंधरा किलो जास्त. बारा मिनिटं नुसती खडाखडी चालली. तेराव्या मिनिटाला आकारामचा डावा हात उठला, मानेवर दोनदा पडला, आणि तो अवजड गडी हवेतून फिरून पाठीवर आला. चितपट. लोक बेभान झाले. ऋतुराज उठला तो पांढराफटक पडला होता. हात मिळवताना त्यानं हळूच विचारलं, "पैलवान, मला मागनं कोण धरलंतं?"

त्याच वेळी आकारामचा डावा खांदा हलका झाला, पाठीवरचं पोतं कुणी उतरून घ्यावं तसा.

पुढच्या तिन्ही कुस्त्या तो हरला. दुखापत असणार असं लोक म्हणाले, त्यानंही ते खोडून काढलं नाही. भीती गेली म्हणून बरं वाटायला हवं होतं; उलट तालमीतल्या दुपारी त्याला खायला उठू लागल्या. मान ताठ ठेवून तो तासन् तास हौद्यात बसून राही, आणि कुणीच येत नसे. एके दिवशी त्यानं लंगोट धुऊन वाळत घातला, वस्तादांच्या पाया पडला आणि गावी परतला.

आता त्याच्या गोठ्यात अकरा म्हशी आहेत. थोरली मुलगी निशिगंधा नऊ वर्षांची आहे. कुस्ती शिकणार म्हणून तिनं दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच तिला गाडीवर पुढं बसवलं आणि गावातल्या तालमीच्या दारात सोडलं. स्वतः मात्र उंबऱ्याबाहेर उभा राहिला, ती घामानं आणि मातीनं माखून बाहेर येईपर्यंत.