नटीचा आवाज घेऊन कारंज्याला

अकोला स्टेशनवर एका गृहस्थांना कारंज्याची वाट विचारली आणि तिथेच फसले. "कारंजा लाड? वाशीमच्या गाडीत बसा, जऊळक्याले उतरा, तेथून जीप भेटते," असं ते इतक्या खात्रीने म्हणाले की मी निमूट सामान उचललं. तशीच पुढे मूर्तिजापूरला गेले असते तर एसटीने केव्हाच पोहोचले असते, हे मला परतताना कळलं. वऱ्हाडात वाट विचारली तर 'माहीत नाही' असं उत्तर मिळत नाही.

जायचं कारण सांगते. मी डबिंग करते. परदेशी मालिकांतल्या बायकांना मराठीत बोलायला लावते. त्यातल्या एका कोरियन नटीचा आवाज मी अकरा वर्षं होते. मागच्या पावसाळ्यात ती वारली. तिचं नाव लिहीत नाही. जिवंतपणी ते पुरेसं चघळून झालं आहे. मग दिवाळीनंतर कारंज्याच्या शबाना नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा निरोप आला. तिच्या आईचा एक डोळा साखरेच्या आजारात, ऑपरेशन होऊनही, गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. डॉक्टर म्हणत होते, याच महिन्यात पडद्याचं ऑपरेशन करा. आई ऐकत नव्हती. 'अम्मी फक्त त्या नटीचं ऐकंल, आन् तिचा आवाज तुमी हाय,' असं तिने लिहिलं होतं. मी आधी हसले, मग तिकीट काढलं.

जऊळक्याला माझ्याबरोबर चार माणसं आणि एक शेळी उतरली. जीप भरेपर्यंत पाऊण तास बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) काळवंडून उभी होती, मधूनमधून तुरीचे ढीग. शेलूबाजारच्या अलीकडे चाक बसलं. चालक खाली वाकून म्हणाला, "उतरा, भजे खाऊन घ्या तवरिक." भजी गरम होती, मिरची मात्र माझा सूड घेणारी. शेजारच्या आजींनी माझे डोळे पाहून स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं आणि विचारलं, "कोनाकडं चालल्या?"

चाक बदलेपर्यंत मला ती नटीच आठवत होती. बंदराच्या गावातली मुलगी, आई मासळी विकायची. पंधराव्या वर्षी सिनेमा-मालिकांच्या एका कंपनीच्या माणसांनी तिला हेरलं आणि राजधानीत नेऊन इतर मुलींबरोबर एका खोलीत ठेवलं. पहिली भूमिका मोलकरणीची, तीन वाक्यांची. मग नर्सची, आणि त्या मालिकेने ती घराघरांत गेली. मग राणी झाली. त्या भूमिकेसाठी तिला महिनोन्‌महिने उपाशी ठेवलं होतं, असं तिनेच पुढे सांगितलं. मग एक सिनेमा, एक बक्षीस, एक मोडलेलं लग्न. त्या लग्नावरून लोकांनी तिला इतकं झोडपलं की जाहिराती गेल्या, कामं गेली, आणि काही वर्षं ती एका खानावळीच्या भटारखान्यात राबली. परत आली ती आईच्या भूमिकेत. डबिंग करताना समोरच्या बाईच्या श्वासाबरोबर श्वास घ्यावा लागतो. त्या शेवटच्या मालिकेत तिचा श्वास मध्येच तुटत होता. मी ते ओळखलं होतं आणि माझे शब्द तिच्या ओठांवर नीट बसावेत म्हणून तेवढी वाक्यं लहान करून घेतली. पुढे ती तिच्या खोलीत मेलेली सापडली, तीही मरून काही दिवस झाल्यावर.

कारंज्याच्या स्टँडवर शबाना उभी होती, तिशीची, गळ्यात अजून टेप लटकलेली. जैन मंदिरावरून कापूस बाजाराकडे चालताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, अम्मीले अजून सांगतलं नाही, थे मेली म्हनून."

"मग मी काय सांगायचं?"

"काही नका सांगू. नुसतं तिच्यावानी बोला. अम्मीले वाटते थे आसामकडची हाय, पुन्याले शिकली, म्हनून एवढी साफ मराठी बोलते."

मी रस्त्यातच थांबले. "हे बघ शबाना, मी समजावून सांगेन, माझ्या नावाने. सोंग करणार नाही." टेप गुंडाळून तिने मुठीत धरली आणि पुढे चालू लागली.

शबानाची आई, नजमाबी, ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. दाराच्या उजेडात कुणी आलं एवढं त्यांना कळत होतं; शबानाची सावलीही त्या ओळखत. मला तहान लागली होती. "जरा पाणी मिळेल का?" मी म्हटलं, बस्स. म्हातारी ताठ झाली.

"आली काय तू?"

खरं सांगायचं तर तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण तीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत बोलते आहे, आणि कुठल्याही गावात, कुठल्याही दारात मला कुणी कधी ओळखलेलं नाही. माझी मान आपसूक हलली आणि त्या नटीच्या मालिकेतल्या आवाजात मी म्हणाले, "आले, अम्मी."

त्यांनी माझे हात शोधले, मनगटं चाचपली. माझी मनगटं चांगली पोसलेली आहेत. वाटलं, आता पकडली गेले. पण त्यांचा चेहरा निवला.

"हात भरले तुये. बरं झालं. राणी झाल्ती तवा निस्त्या काड्या होत्या. मले तवा दिसे. मी शबानाले म्हनो, या पोरीले कोनी जेवाले देत नाही."

तिकडे तिच्या देशात एवढे लोक ती मालिका पाहत होते. कुणाला हे दिसलं असेल की नाही कोण जाणे.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि दालचा (डाळीत शिजवलेलं मटण) होता. नजमाबी स्वतः जेवेनात, माझ्या ताटावर कान लावून बसल्या होत्या. शेवटी मी विषय काढला. "अम्मी, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या ना."

"एक डोळा देल्ला त्यायले. कापला आन् गेला. ह्याच्यात शबाना तरी दिसते, काळी काळी. हे कायले देऊ?"

शबाना भाकरी थापायची थांबली. बाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण डॉक्टरांचं म्हणणंही होतं, की काही केलं नाही तर हाही जाणारच. मी त्यातलं काहीच मांडलं नाही. मी फक्त आवाज थोडा खाली आणला, तिच्या शेवटच्या मालिकेसारखा. "माझ्यासाठी करा."

त्यांनी माझं मनगट पुन्हा धरलं. मग म्हणाल्या, "तू म्हनते तं करीन. पन पट्टी काढतील तवा तू समोर पाह्यजे. पह्यले तुले पाहीन."

"येईन," मी म्हटलं.

स्टँडवर शबानाने माझे दोन्ही हात धरले. "त्या वखताले पाहू काहीतरी," ती म्हणाली. मूर्तिजापूरची एसटी सुरू झाली. कापसाच्या गाड्यांमागून आम्ही रखडत निघालो. मी वाटभर हिशेब करत होते, की चेहरा दिसल्यावर काय सांगायचं. तिचा फोटो दाखवायचा की माझं तोंड? ती मेली हे सांगायचं की मी खोटी हे?

पट्टी काढायच्या दिवशी मी गेले नाही. रेकॉर्डिंग होतं. ते पुढे ढकलता आलं असतं.

संध्याकाळी शबानाचा फोन आला. "उजेडबी गेला, मॅडम. मी समोर उभी होती तं मले म्हने, शबाना कुठं हाय."

मी "अरेरे" म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. पण त्याआधी, अगदी क्षणभर आधी, माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. आता मला कुणी पाहणार नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या शब्दावर आपला उरलेला उजेड दिला, आणि मला हायसं वाटलं. प्रवासाने माणसाला जग कळतं म्हणतात. मला कारंज्याला जाऊन एवढंच कळलं.

"अम्मी बोलतो म्हनते," शबाना म्हणाली, आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"पट्टी काढली तवा तू आल्ती ना? मले दिसलं नाही. पन होती ना समोर?"

"होते, अम्मी."

"बोलली काहून नाही मंग?"

"रडू येत होतं."

"रडू नोको. तुया काय गुन्हा त्याच्यात." पलीकडे शिवणयंत्र चालू झालं आणि लगेच थांबलं. "जेवली काय?"

"जेवले," मी म्हणाले. त्या नटीचा आवाज, तिचा तुटका श्वास, सगळं जागच्या जागी बसलं होतं. स्टुडिओत ते मला एकदाही इतकं नेमकं जमलं नव्हतं.